मैद्याच्या जागी दुसरं पीठ घातलं की ब्रेडची वीट का होते?

दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणतात. निव्वळ ज्वारीच्या पिठाचा पहिला ब्रेड मी ओव्हनमधून काढला तेव्हा दगड आणि वीट दोन्ही एकाच साच्यात हजर होते. कडा दगडाच्या, पोटात ओली वीट. कृती तीच, यीस्ट त्याच डब्यातलं, पाणीही मोजून तेवढंच. आदल्या आठवड्यात याच कृतीने मैद्याचा ब्रेड साच्याच्या वर दोन बोटं आला होता. बदललं होतं ते फक्त पीठ.

घरी ब्रेड करू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला ही वीट येते. मैदा नको म्हणून कणीक घ्यावी, तब्येतीसाठी ओट्स घालावेत, कुणाला ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, चालत नाही म्हणून तांदळाकडे वळावं, आणि दर वेळी साच्यातून भलतंच काहीतरी निघावं. मग संशय आधी यीस्टवर जातो, नंतर ओव्हनवर, शेवटी स्वतःच्या हातावर. पिठावर सहसा जात नाही, कारण ‘पीठ’ या एका शब्दाखाली आपण सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलेलं असतं. खरं तर हा शब्द धान्य दळलंय एवढंच सांगतो. ओलं झाल्यावर ते कसं वागेल, याबद्दल चकार शब्द काढत नाही.

## फुगवणारा एक, धरून ठेवणारा दुसरा

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पीठ भिजलं की त्यातलीच एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिनं, स्टार्च तोडून साखर करू लागतात. ती साखर यीस्ट खातं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं. थोडं अल्कोहोलही तयार होतं, पण ते भाजताना बहुतेक उडून जातं. म्हणून वरून साखर घातली नाही तरी ब्रेड फुगतो.

यीस्टचा हा उद्योग ज्वारीतही चालतो, तांदळातही चालतो. माझ्या त्या विटेतही यीस्टने इमानेइतबारे वायू तयार केला होता. तो निसटून गेला, एवढंच. चांगल्या फुगलेल्या पांढऱ्या ब्रेडच्या आकारमानात निम्म्याहून जास्त वाटा हवेचा असतो. तेव्हा ब्रेड जमवायचा म्हणजे ती हवा अडवून धरायची. कागदाची पिशवी फुंकून फुगवली तर जरा वेळाने टरकन फाटते, रबरी फुगा मात्र ताणत जातो. गहू सोडून बहुतेक पिठं या कागदी पिशवीच्या जातीची.

यात एक गंमत अशी की यीस्ट स्वतः नवे बुडबुडे जन्माला घालत नाही. आपण पीठ मळतो तेव्हा त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. यीस्टचा वायू आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो आणि मग या आधीच असलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठं करतो. ब्रेडची जाळी किती बारीक येणार, हे अशा रीतीने मळतानाच बरंचसं ठरलेलं असतं.

ओव्हनमध्ये गोळा तापतो तसा आधी वायू पसरतो आणि ब्रेड उसळी घेतो. आतलं तापमान ५५-६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की यीस्ट मरतं. त्याच सुमारास आणि त्यापुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, मऊ होतात, आणि ब्रेड निवला की हाच स्टार्च घट्ट बसतो. स्लॅब घालताना खाली सेंटरिंग लावतात ना, तसंच हे. काँक्रीट म्हणजे स्टार्च, आणि ते आवळेपर्यंत सगळा डोलारा तोलून धरणारं सेंटरिंग म्हणजे ग्लूटेन. फरक इतकाच की हे सेंटरिंग नंतर काढायचं नसतं. सेंटरिंगशिवाय स्लॅब ओतला तर काय होईल, ते माझ्या ज्वारीच्या साच्यात दिसलं.

## ग्लूटेन हातात धरून बघा

वाचून कळण्यापेक्षा हे एकदा करून बघण्यासारखं आहे. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ६० ग्रॅम पाणी घालून घट्ट गोळा मळा. तो अर्धा तास गार पाण्यात बुडवून ठेवा. मग त्याच भांड्यात हळूहळू चोळत धुवा. पाणी लगेच दुधाळ होतं, कारण स्टार्च सुटत असतो. पाणी बदलत राहा. सुरुवातीला वाटतं, सगळाच गोळा वाहून जाणार. मध्येच तो खरबरीत, तुटक होतो आणि धीर सुटतो. पण पाचव्या-सहाव्या पाण्याला हातात एक करडट-पिवळसर, चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखा लगदा उरतो. ताणला तर लांबतो, सोडला तर थोडा मागे येतो. ओला असताना त्याचं वजन २५ ते ३५ ग्रॅम भरतं. हेच ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्याच्या याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी यांनी असंच पीठ धुऊन ते वेगळं काढलं, आणि त्यांचं हे काम १७४५ साली छापून आलं.

आता हाच प्रयोग ज्वारीच्या, तांदळाच्या किंवा मक्याच्या पिठावर करा. दुसऱ्या पाण्यालाच हात रिकामा.

कोरड्या पिठात ग्लूटेन तयार नसतं. असतात त्याचे दोन घटक, ग्लायडिन आणि ग्लूटेनिन नावाची प्रथिनं. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंततात आणि मळल्यावर त्यांची जाळी होते. ग्लायडिन गोळ्याला ताणू देतं, ग्लूटेनिन त्याला मागे ओढतं. नुसतं ग्लायडिन असतं तर गोळा मधासारखा पसरला असता. नुसतं ग्लूटेनिन असतं तर तो ताणायला गेल्यावर अडून बसला असता. गव्हात दोघांचा मेळ जमून आला आहे. राय (गव्हाच्या नात्यातलं एक धान्य) आणि जवात यांची चुलत भावंडं आहेत, पण त्यांच्यात असा मेळ नाही.

जाळी तयार व्हायला मळणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे नुसता वेळ. ओलं पीठ झाकून ठेवून दिलं तरी प्रथिनं आपसूक गुंतत जातात. म्हणूनच न मळता रात्रभर ठेवलेला ब्रेडही होतो. हात दुखत असतील तर घड्याळ कामाला लावा.

## ‘पण बेसनात तर कितीतरी जास्त प्रथिनं असतात!’

ही शंका हमखास येते, आणि ती बरोबर आहे. हरभऱ्याच्या पिठात २० टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात, ब्रेडसाठीच्या मैद्यात १२ ते १४ टक्के. तरी बेसनाचा ब्रेड फुगत नाही, कारण त्या प्रथिनांना अशी जाळी विणता येत नाही. सूत भरपूर आहे, पण विणकामाचं नाही. बेसन घालायचंच तर एकूण पिठाच्या दहा टक्क्यांपर्यंत घालावं. रंग आणि खमंगपणा येतो, उंची फारशी जात नाही.

पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा उपयोगी पडतो तो एका गव्हाच्या पिठाची तुलना दुसऱ्या गव्हाच्या पिठाशी करताना. केकसाठीचा मैदा ७ ते ९ टक्के, साधा मैदा १० च्या आसपास, ब्रेडसाठीचा १२ च्या पुढे. परदेशी कृतींत ५५० किंवा टी ५५ असे आकडे दिसतात, ते मात्र प्रथिनांचे नसतात. पीठ जाळल्यावर किती राख उरते त्यावरून ते काढलेले असतात. आकडा जितका मोठा तितका पिठात कोंडा जास्त. इटलीचं ‘००’ हेही पीठ किती साफ आणि पांढरं आहे तेवढंच सांगतं. हे माहीत नसल्यामुळे ‘००’ म्हणजे सगळ्यात ताकदवान पीठ, अशी समजूत करून मीही एकदा फसले आहे.

आणि गव्हागव्हांतही फरक आहेतच. डुरम गव्हात प्रथिनं भरपूर, पण त्याचं ग्लूटेन घट्ट आणि आखडू, फारसं ताणत नाही. पास्त्याला ते उत्तम. ब्रेडला एकटं घेतलं तर उंची बेताची मिळते, रंग मात्र सुरेख सोनेरी. स्पेल्ट आणि खपली या जुन्या गव्हांचं उलटं. त्यांचा गोळा पटकन ताणतो आणि तितक्याच पटकन सैल पडतो, म्हणून त्यांना कमी मळायचं आणि साच्यात भाजायचं.

## कणीक: ताकद आहे, पण तहान फार

सगळ्यात जास्त ब्रेड बिघडतात ते इथे, कारण कणीक ही मैद्याची सख्खी बहीण वाटते. गव्हाच्या दाण्यात ८३ टक्क्यांच्या आसपास पांढरा गर असतो, १४ टक्क्यांच्या आसपास कोंडा आणि उरलेला छोटासा अंकुर. मैदा म्हणजे फक्त गर. कणकेत सगळा दाणा येतो. तिच्यात प्रथिनं मैद्याइतकी, बऱ्याचदा जास्तच असतात. मग अडतं कुठे?

एक तर कोंडा पाणी खूप पितो आणि सावकाश पितो. मळताना गोळा बरोबर वाटतो, अर्ध्या तासाने घट्ट होतो, कारण जाळीच्या वाट्याचं पाणी तोवर कोंड्याने ओढलेलं असतं. दुसरं म्हणजे कोंड्याचे कण जाळीच्या मध्येमध्ये येतात. विणलेल्या कापडात कुसळं अडकावीत तसे. जिथे कण, तिथे पापुद्रा कमजोर, आणि वायू तिथूनच वाट काढतो. तिसरं कारण अंकुरात आहे. त्यातला ग्लूटाथायोन नावाचा पदार्थ ग्लूटेनचे दुवे सोडवतो.

चौथी गोष्ट दळणाची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जात्याच्या दगडांखाली घट्ट दाबून, अगदी बारीक दळलेल्या पिठात स्टार्चचे बरेच कण फुटलेले असतात. अखंड कणापेक्षा फुटका कण कितीतरी जास्त पाणी धरतो. पण एन्झाइम्स त्याच्यावर लगेच तुटून पडतात आणि ते धरलेलं पाणी पुन्हा गोळ्यात सुटतं. म्हणून अशी कणीक मळताना घट्ट वाटते आणि दोन तास आंबल्यावर चिकट, ढिली होते. आपण तेव्हा घाबरून वरून कोरडं पीठ भुरभुरवतो. माझ्या मते कणकेच्या ब्रेडमधली ही सर्वात महागात पडणारी चूक. तेव्हा पीठ नको, हाताला तेल किंवा पाणी लावा आणि गोळा साच्यात टाका.

उपायांकडे जाण्याआधी बेकर लोकांचा हिशेब समजून घेऊ, कारण पुढचे सगळे आकडे त्यात आहेत. त्यांच्याकडे पीठ नेहमी १०० मानतात आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात सांगतात. ६५ टक्के पाणी म्हणजे ५०० ग्रॅम पिठाला ३२५ ग्रॅम पाणी. मीठ २ टक्के म्हणजे १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १ टक्का म्हणजे ५ ग्रॅम. सगळं वजनावर. वाटी-चमच्याने मोजलेलं पीठ दाबून भरलं की सैल भरलं यावर पाचपन्नास ग्रॅमचा फरक पडतो, आणि मग कृतीला दोष देण्यात अर्थ नाही.

मैद्याला ६० ते ६५ टक्के पाणी पुरतं. पूर्ण कणकेला ७० ते ८० लागतं. आधी फक्त कणीक आणि पाणी कालवून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा, मीठ आणि यीस्ट नंतर. फ्रेंच बेकिंगतज्ज्ञ रेमों काल्व्हेल यांनी ही पद्धत १९७० च्या दशकात प्रचारात आणली. ती होती मैद्याच्या ब्रेडसाठी, पण कणकेला तिचा फायदा दुप्पट होतो. कोंडा आधीच पोटभर पाणी पितो, भिजलेल्या लगद्यात जाळी निम्मी तयार होते, आणि मळायचं काम दहा मिनिटांवरून चारावर येतं.

आणखी एक. कृतीत ‘दुप्पट होईपर्यंत ठेवा’ असं लिहिलेलं असतं ते मैद्यासाठी. कणकेचा गोळा साच्यात दीडपट झाला की डोळ्यांत तेल घालून बघायला लागा. ओल्या बोटाने कडेला हलकं दाबा. खळगा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, निम्माच भरला तर ओव्हन तयार हवा. भरलाच नाही तर उशीर झाला, जाळी ताणून ताणून थकली आहे. असा गोळा ओव्हनमध्ये वर चढत नाही, मध्ये बसतो.

पहिल्या खेपेला पूर्ण कणकेच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत. निम्मा मैदा, निम्मी कणीक, ७० टक्के पाणी. यात जो ब्रेड होतो त्याला चव कणकेची आणि उंची मैद्याची मिळते.

## राय: इथे मळण्याचं कामच नाही

राय म्हणजे मोहरी नव्हे. हे गव्हाच्या नात्यातलं, थंड हवेत येणारं धान्य. त्यात ग्लूटेनसारखी प्रथिनं आहेत, पण ती धड गुंतत नाहीत. त्यांच्या जागी काम करतात पेंटोसन नावाचे तंतुमय पदार्थ. ते आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतात आणि बुळबुळीत, डिंकासारखे होतात. निव्वळ रायचं पीठ म्हणूनच कितीही मळलं तरी मातीच्या गाऱ्यासारखंच राहतं. ते चमच्याने कालवून साच्यात भरायचं असतं.

रायची दुसरी अडचण ओव्हनमध्ये उभी राहते. तिचा स्टार्च गव्हाच्या स्टार्चपेक्षा कमी तापमानाला मऊ पडतो, आणि नेमकी त्याच वेळी स्टार्च तोडणारी एन्झाइम्स जोरात असतात. सेंटरिंग आधीच नाही, त्यात ओतलेलं काँक्रीट कुणीतरी पातळ करत बसलंय. ब्रेडच्या पोटात गोंदासारखा थर राहतो तो यामुळे.

याला आवर घालतो आंबटपणा. आम्ल वाढलं की ही एन्झाइम्स मंदावतात. म्हणून रायचा ब्रेड सॉवरडोने करतात. सॉवरडो म्हणजे पीठ आणि पाणी काही दिवस आंबवून, रोज थोडं नवं पीठ घालून पोसलेलं विरजण. त्यात हवेतून नव्हे, मुख्यतः पिठातूनच आलेलं रानटी यीस्ट असतं आणि आम्ल तयार करणारे जीवाणूही. गव्हाच्या ब्रेडमध्ये सॉवरडो ही आवडीची बाब आहे. रायमध्ये ती गरज आहे. आणि हा ब्रेड भाजल्यावर दिवसभर तरी कापायचा नाही. गरम कापला तर सुरीला लगदा येतो आणि ब्रेड कच्चा राहिला असं वाटतं, तो बऱ्याचदा कच्चा नसतोच.

## जिथे ग्लूटेन नाहीच

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, राजगिरा, कुट्टू. यांच्याकडून गव्हाचं काम करून घ्यायचा हट्ट सोडला की गोष्टी सोप्या होतात.

मैद्याच्या ब्रेडमध्ये यांपैकी एखादं पीठ पाचवा हिस्सा घातलं तर फारसं बिनसत नाही. चौथ्या हिश्श्यापुढे उंची दिसण्याइतकी कमी होते. निम्मं झालं की ब्रेड ठोसर होणार, हे धरून चालायचं. ओट्सही याच गटात बसवा, मात्र त्यांच्यातल्या चिकट तंतूंमुळे ब्रेड जास्त ओलसर आणि मऊ राहतो.

गहू अजिबात नको असेल तर जाळी उसनी आणावी लागते, आणि त्याला इसबगोलासारखी दुसरी गोष्ट नाही. इसबगोलाचा भुसा पाण्यात फुगून जो घट्ट जेलीसारखा पदार्थ होतो, तो वायू बऱ्यापैकी अडवतो. पिठाच्या ४-५ टक्के पुरतो. ४०० ग्रॅम पिठाला १६ ते २० ग्रॅम. आधी पाण्यात भिजवून दहा मिनिटांत जेली होऊ द्यायची, मग त्यात पीठ कालवायचं. पाणी पिठाच्या वजनाइतकं किंवा थोडं जास्तच. हाती येतो तो गोळा नसतो, दाट सरबरीत मिश्रण असतं, आणि ते तसंच हवं. गोळा होईपर्यंत पीठ घालत गेलात की वीट ठरलेली.

माझ्या ज्वारीच्या ब्रेडला खरा फरक पडला तो मात्र उकडीने. एकूण पिठातलं थोडं पीठ पाचपट पाण्यात कालवून मंद आचेवर ६५ अंशांच्या पुढे, पळीला जाडसर थर धरेपर्यंत शिजवायचं. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, म्हणून ब्रेड भुगाभुगा होत नाही. हे पाणी एकूण पाण्यातून वजा करायला विसरू नका. मी विसरले होते.

असं मिश्रण एकदाच फुगवायचं, तेही साच्यात. दोनदा फुगवण्याचा, मध्ये दाबून हवा काढण्याचा प्रकार ग्लूटेनच्या भरवशावरचा असतो. इथे एकदा गेलेली हवा परत येत नाही. आणि भाजायचं जास्त वेळ. गव्हाचा ब्रेड आतून ९३-९५ अंशांवर तयार असतो, हा ९७-९८ पर्यंत नेलेला बरा.

## ‘मग यीस्ट वाढवलं तर?’

अति केलं आणि मातीत गेलं, त्यातला प्रकार. फाटक्या पिशवीत जास्त जोराने फुंकून काय मिळणार? वायू लवकर तयार होतो, तितकाच लवकर निसटतो, आणि मागे यीस्टचा उग्र वास राहतो. यीस्ट वाढवण्यापेक्षा खोलीचं तापमान बघावं. २५ ते ३० अंश त्याला मानवतं.

विकत मिळणारं सुकं ग्लूटेन चमचाभर घातल्याने कणकेचा ब्रेड नक्की वर येतो. मी एक-दोनदा वापरून सोडून दिलं, ब्रेड रबरी लागतो. पण उंचीच हवी असेल तर तो प्रामाणिक उपाय आहे.

## ‘ग्लूटेन वाईट ना? मग त्याच्यासाठी एवढं कशाला?’

काहींना ते खरोखर घातक आहे. सीलिॲक या आजारात ग्लूटेन खाल्लं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. जगात साधारण शंभरातल्या एकाला तो असतो. याचा गव्हाशी संबंध लक्षात आणून दिला तो नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तिथे ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुलं उलट सुधारली. ब्रेड परत आला आणि त्यांचं दुखणंही परत आलं.

अशा माणसासाठी ब्रेड करताना ‘थोडंसं चालतं’ हा विचार चालत नाही. खपली, स्पेल्ट, राय, जव सगळे बाद. जुना गहू म्हणजे ग्लूटेन नसलेला गहू, हा गैरसमज फार पसरलेला आहे. सॉवरडोनेही गव्हाचा ब्रेड सुरक्षित होत नाही, कारण आंबताना ग्लूटेनचा काही भागच तुटतो. ओट्सची अडचण अशी की ते शेतात, गिरणीत गव्हात मिसळलेले असू शकतात. मैद्याची चाळणी, लाकडी फळी, पिठाचा डबाही वेगळा हवा. आणि शंका असेल तर तपासणीआधीच गहू सोडू नका. रक्ताची तपासणी खरी यायला ग्लूटेन आहारात असावं लागतं.

सीलिॲक नसतानाही गव्हाने पोट बिघडतं असं काहींचं असतं, त्यांनी डॉक्टरांशी बोलावं. बाकीच्यांनी ते टाळण्याचं कारण मला दिसत नाही.

## ‘विकतचा मल्टिग्रेन तर कसा मस्त फुगलेला असतो!’

पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. बहुतेक देशांत ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. पहिलं नाव मैद्याचं निघालं तर फुगण्याचं कोडं तिथेच सुटलं. धान्यांची नावं शेवटाकडे, यीस्ट आणि मिठाच्या शेजारी असतील तर ती चिमूटभर आहेत. तपकिरी रंगही पुरावा नाही, तो कॅरामलने किंवा माल्टनेही आणता येतो. मैद्याबद्दल माझं काही वाकडं नाही. तो असेल तर तसं मोठ्या अक्षरांत लिहावं, एवढंच.

## नवं पीठ आधी ग्लासात

आता कुठलंही अनोळखी पीठ हाती आलं की मी अर्धा किलो वाया घालवत नाही. सरळ उभ्या काचेच्या ग्लासात ५० ग्रॅम पीठ, चिमूटभर यीस्ट आणि ५० ग्रॅम कोमट पाणी कालवते. तहानलेलं पीठ असेल तर पाणी ६० ग्रॅम. पृष्ठभाग सारखा करून त्या पातळीवर ग्लासाला बाहेरून रबरबँड लावते. ग्लास झाकून तीन-चार तास बाजूला. शेजारी मैद्याचा तसाच एक ग्लास, तुलनेला.

मैदा चढतो, वरचा भाग घुमटासारखा होतो, मग केव्हातरी मधून खचतो. कणीक त्याहून कमी चढते आणि लवकर खचते. ज्वारीत वर छोटी छोटी छिद्रं पडतात, बाकी जागचं फारसं हलत नाही. ती छिद्रं म्हणजे वायू निसटल्याच्या वाटा. पीठ चढून खाली बसलं की काचेवर जिथवर गेलं होतं तिथे ओला ओरखडा राहतो. रबरबँडपासून त्या ओरखड्यापर्यंत पट्टी लावायची. मैद्याच्या निम्मी उंची आली तर ते पीठ मैद्यात निम्म्यापर्यंत मिसळून बघते. अंतर बोटभरही नसेल तर पाचवा हिस्सा, नाहीतर इसबगोलाचा डबा काढते.